नंबराला लावलेलं नाव

गणपतराव मुधाळ्यांच्या मरणानं कुणाच्या पदरात काय पडणार, हा हिशोब हुपरीनं त्यांची राख सावडायच्या आधीच मांडून ठेवला होता. धाकटा भाऊ आकाराम याला पैंजणांच्या कारखान्यातली गादी मिळणार होती. आजवर त्या गादीपर्यंत तो फक्त चहा घेऊन जायचा. गल्लीतल्या बाकीच्या पैंजणवाल्यांना जर्मनीचं गिऱ्हाईक पळवायला रान मोकळं होणार होतं. सोसायटीच्या चेअरमनला शोकसभेत बोलायला मिळणार होतं, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

अठ्ठावीस वर्षांच्या संघर्ष कांबळेच्या पदरात काय? शून्य. कोल्हापुरात उद्यमनगरात तो पैंजणांच्या नक्षीचे साचे बनवायचा आणि गणपतराव त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक मारून दुकान चालवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

तरीही खुनी म्हणून धरलं ते संघर्षलाच. कारण त्याचं नाव कॉम्प्युटरनं सांगितलं होतं, आणि दोन हजार पाच साली कॉम्प्युटरला खोटं पाडायची छाती फार थोड्यांना होती.

मरण मात्र वाईट होतं. कबनूरच्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, रविवारी भर दुपारी, मागाचाच लोखंडी दांडा उचलून कुणीतरी गणपतरावांच्या तोंडाचा चेंदामेंदा केला होता. बायकोनं नवरा ओळखला तो कमरेच्या चांदीच्या करगोट्यावरून. चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“माझ्या दादाचा हात त्यांनी त्याच्याच प्रेसवर धरला,” दीक्षा कांबळे सांगत होती, “आणि वरनं हातोडा घातला. एक-एक बोट. मग तोंडावर.”

राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर संयोगिता इंगळेंचं ऑफिस होतं. टेलिफोन खात्याच्या दक्षता शाखेतून बाहेर पडून बाईंनी खाजगी तपासाची पाटी लावली, तेव्हा लोक हसले होते. हसणाऱ्यांपैकी बरेच जण नंतर जिना चढून आले.

“कुणी घातला?” संयोगिताबाईंनी विचारलं.

“आकाराम मुधाळे आणि त्याच्या माणसांनी. पोलीस दादाला धरायला यायच्या आधीच ते पोचलं हुतं. कागदावर मात्र ‘अज्ञात जमाव’. आमच्या वस्तीतल्या पोराला हुपरीच्या पैसेवाल्यांनी मारलं की जमाव नेहमी अज्ञातच असतोय, मॅडम.”

कोपऱ्यात बसलेल्या धोंडीरामांनी मान खाली घातली. ते निवृत्त हवालदार, आता बाईंचे मदतनीस. असे ‘अज्ञात’ त्यांनी स्वतःच्या हातानं पुष्कळ लिहिले होते.

“आता कसा आहे?”

“जबड्याला तारा बांधल्यात. बोलता येत न्हाय. शुद्ध येती, जाती. मी नर्स हाय, जखमा मीच बघते. हाडांचा नुसता चुरा, पण कातडी सगळी जाग्यावर. ह्या चांदीवाल्यांच्या हातोड्याला चामडं बांधलेलं असतंय, चांदीवर वळ उठू नये म्हणून. तसल्यानं मारलं. हाड मोडलं, कातडीला खरचटलंसुद्धा न्हाय. दवाखान्यातनं कोर्टात न्यायचं म्हणतायत. आकारामची माणसं गेटासमोर चहाच्या गाड्यावर बसून असत्यात. दिवसभर एकच चहा. दादा गेटाभाईर पडला की संपवणार, असं त्यांनीच मला ऐकू जाईल असं सांगितलंय.”

“त्याचं आणि गणपतरावांचं भांडण होतं?”

“जानेवारीत एक साचा बिघडला, तवा त्यांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली मारलीती. ते समद्यांनी बघितलंय. नंतर काय झालं ते कुणी बघितलं न्हाय. नंतर ते दुकानात येऊन बसायचे.”

“इंटरनेट तुमच्याकडे कुणाचं?”

“वज्र नेट. शाहूपुरीतल्या सम्राट रणनवरेंचं. हुपरीलापण त्यांचंच.” दीक्षानं कपाळाला आठी घातली. “दादाचं त्यांच्याशी वाजायचं. दादाची मेलं परदेशात परत यायची. तो म्हणायचा, आपल्या इंटरनेटच्या नंबराला नाव लावलेलं न्हाय, म्हणून पलीकडची मशीन आपल्याला दारात उभं करून घेत न्हाय. आणि ते नाव आपल्याला लावता येत न्हाय, ज्याचा नंबर त्यानंच, म्हंजे कंपनीनंच, लावायचं असतंय. हेलपाटे घालून दमला. लावलं न्हाय ते न्हायच.”

संयोगिताबाई काही बोलणार तोच धोंडीरामांचा मोबाइल खणखणला. ते बाहेर जाऊन बोलून आले ते तोंड पाडूनच.

“जावई हाय दुबईचा,” ते म्हणाले. “म्हणतोय दुबईतनंच बोलतोय. आणि मोबाइलवर नंबर दिसतोय कोल्हापूरचा, शून्य-दोन-तीन-एक. परवापण तसंच. पोरगीला काय सांगू? गडी गावात येऊन लपलाय आणि सासऱ्याला थापा मारतोय.”

“बघू तो नंबर,” बाई म्हणाल्या. बघितला, आणि नुसत्या हसल्या. “जावई शहाणा आहे, हवालदार. पोरीला काही सांगू नका.”

इन्स्पेक्टर जोतीराम खाडे मोठ्या खुशीत होते. इंटरनेटवरून खुनी पकडणारे आपण जिल्ह्यातले पहिलेच, असा त्यांचा समज होता, आणि तो समज दुसऱ्यांनाही व्हावा म्हणून ते कुणालाही पुरावा दाखवत.

“हे बघा मॅडम. शुक्रवारी गणपतरावांना आलेलं मेल.”

छापील कागदावर इंग्रजी अक्षरांत मराठी होतं: जर्मनीची मेलं का परत येतात त्याचा पुरावा देतो, रविवारी दुपारी कबनूरच्या बंद शेडात एकटे या. खाली सही, ‘हितचिंतक’. वर मेलाच्या प्रवासाची बारीक ओळ: कुठल्या नंबरावरून आलं, कधी आलं. नंबराच्या अलीकडे, जिथं पाठवणाऱ्या मशीनचं नाव यायला हवं, तिथं एकच शब्द होता, ‘अननोन’.

“ही वरची ओळ कोण लिहितं?” बाईंनी विचारलं.

“मेल घेणारी मशीन. गणपतरावांची मेलं पुण्याच्या एका कंपनीकडं यायची, तिनं छापलंय. पोस्टाचा शिक्का समजा. आम्ही पुण्याला खात्री करून घेतली, अक्षर अन् अक्षर खरं हाय.”

“आणि हा ‘अननोन’?”

“नाव लपवलं हुतं की त्यानं. पण नंबर कुठं लपवणार?” खाडेंनी कॉम्प्युटर पुढं ओढला. “हा नंबर घातला. आता नाव विचारलं. बघा.”

पडद्यावर उत्तर उमटलं. त्यात संघर्षच्या धंद्याचं नाव स्वच्छ होतं.

“मंगळवारी सकाळी हेच बघितलं मी. माझ्यामागं आकाराम मुधाळे उभा हुता. बिचाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं.”

“आणि मग बिचारा सरळ उद्यमनगरात गेला,” बाई म्हणाल्या.

खाडेंनी पेपरवेट उगाच फिरवलं.

“जरा शेजारचे नंबर घाला. शेवटचा आकडा एकानं वाढवून.”

“काय न्हाय. कोरं.”

“एकानं कमी करून. आता आणखी पुढचे.”

खाडे घालत गेले. प्रत्येक वेळी कोरं. शेवटी कंटाळले. “एकाला नाव न्हाय. काय बघायचंय तुम्हाला?”

“आता उलटं करा. संघर्षचं नाव घाला आणि त्याचा नंबर विचारा.”

नंबर आला. पण तो मेलातला नव्हता, भलताच होता.

“दोन असतील,” खाडे म्हणाले. “माझ्याकडंपण दोन शिमकार्डं हायत.”

“वज्र नेटला विचारलंत?”

“नंतर. तो रणनवरे सांगायलाच तयार नव्हता. गिऱ्हाइकाचं नाव देता येत न्हाय म्हणाला. सज्जन माणूस. मी म्हटलं, नाव आम्हाला ठाऊक हाय, तू नुसती मान हलव. तवा हलवली.” मग ते पुढं झुकले. “आणि अजून एक. मयताच्या दातांत कातडीचा तुकडा सापडलाय. मरता मरता चावलाय गडी. मुंबईला पाठवलाय तपासायला. कांबळेच्या हाताची जी दशा झालीय त्यात चावा काय ओळखणार, पण रिपोर्ट येईल तवा येईल.”

संयोगिताबाईंनी कागद परत दिला. जिन्यात आल्यावर धोंडीराम पुटपुटले, “बाईसाहेब, केस पक्की दिसतीय की.”

“फार पक्की आहे, हवालदार. नवी पाटी अशीच चकाकते.”

हुपरीत आकाराम मुधाळे गादीवर बसला होता. नवी गादी नीट बसायला वेळ लागतो. तो सारखा कूस बदलत होता. आतल्या खोलीत ठोके पडत होते, चांदीची पट्टी लांब होत होती.

“या पावणं,” तो धोंडीरामांना म्हणाला. बाईंकडे बघून म्हणाला, “त्या पोराची वकिली करायला आलाय जणू.”

“वकिली कोर्टात करतात. मी मोजमाप करायला आलेय. भाऊ गेल्यावर गादी तुमचीच ना?”

“मग काय? मी मारलं म्हणताय व्हय?” आतले ठोके थांबले. “रविवारी दुपारी इथंच पंगत हुती, शेजारणीच्या पोराचं जावळ. गल्ली जेवली, मी वाढत हुतो. विचारा कुणालाबी.”

“विचारलं. बासुंदी संपली म्हणून तुमच्यावर अजून नाराज आहेत लोक.” बाई बसल्या. “जर्मनीचं काय होतं?”

आकारामनं तोंड वाकडं केलं. “आण्णा भाव पाठवायचा, जर्मनीची मशीन मेल परत पाठवायची. ऑर्डर पार हातातनं जायच्या बेताला आली. त्या सम्राटकडं किती खेपा घातल्या. म्हणायचा, तुमच्याकडनं काय चूक न्हाय, जर्मनच तसले.”

“आणि संघर्षकडे?”

“तिकडं जायचा की भांडायला. महिनाभर रोज. गेला की दोन-दोन तास.”

“दोन तास भांडण?” धोंडीराम नवलानं म्हणाले. “आमची बायकोपण एवढं न्हाय टिकत.”

“येताना कसे असायचे?” बाईंनी विचारलं.

हा प्रश्न आकारामला कुणी विचारला नव्हता, त्यानंही स्वतःला विचारला नव्हता. “निवांत,” तो अखेर म्हणाला. “एकदा त्या पोराच्या बहिणीनं केलेल्या चकल्या घिऊन आलता.”

“खिशात काय सापडलं?”

पोलिसांनी परत दिलेल्या वस्तू त्यानं पिशवीतून काढल्या. चष्मा, तंबाखूची डबी, आणि रेल्वेचं एक तिकीट: मुंबई, सोमवारची गाडी, माणसं दोन.

“आण्णा आणि मी,” आकाराम म्हणाला. “मला सांगायचं राहून गेलं असंल.”

“तुमचं वय?”

“सेहेचाळीस.”

बाईंनी तिकीट त्याच्यापुढं धरलं. वयाच्या रकान्यात एकावन्न होतं, आणि त्याखाली अठ्ठावीस. आकारामनं ते वाचलं, घडी केलं, आणि परत पिशवीत टाकलं. एवढ्यानं काही विचार करायची त्याची तयारी नव्हती. विचार केला असता तर हातोड्याचाही करावा लागला असता.

“खून त्यानंच केलाय,” तो म्हणाला. “मशीन खोटं बोलंल व्हय?”

सम्राट रणनवरेंचं ऑफिस गार होतं, आणि ते स्वतः त्याहून गार. मे महिन्यात शाहूपुरीतली कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. सम्राट बाहेरून नुकतेच आले होते, आणि तरी त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या. चहा त्यांनी डाव्या हातानं उचलला.

“फार वाईट झालं, मॅडम. दोघंही माझेच कस्टमर. मी तर नाव सांगायला तयार नव्हतो. धंद्याची नीती असते.”

“पण पोलिसांना आधीच माहीत होतं.”

“हो ना. इंटरनेटवर काही लपत नाही.”

“गणपतरावांची मेलं परत का यायची?”

सम्राट हसले. “जर्मनांचे नखरे. त्यांना म्हणे नंबराला उलटं नाव लागतं. रिव्हर्स डीएनएस. नावावरून नंबर निघतो, ते पुरत नाही. नंबरावरून नावही निघायला पाहिजे. आता तुम्ही सांगा, कोल्हापुरात कुणाचं अडलंय त्यावाचून?”

“गणपतरावांचं अडलं होतं. संघर्षचंही.”

“आमच्याकडं ती सोयच सुरू केलेली नाही. कुणालाच दिलेली नाही, मग त्यांनाच कशी देणार? एकाला दिलं की सगळे मागतात.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “धंदा समान न्यायानं करावा.”

मागच्या भिंतीत एक लोखंडी दार होतं, त्याला जाडजूड कुलूप. दाराखालून टेलिफोनच्या तारांची एक मोट आत गेली होती, उसाच्या मोळीएवढी.

“एवढ्या लायनी?” धोंडीरामांनी कौतुकानं विचारलं. “इंटरनेटला एवढ्या लागत्यात व्हय?”

“जुन्या आहेत. बंद,” सम्राट म्हणाले, आणि पहिल्यांदाच कप बशीत वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिताबाई जुन्या खात्यात जाऊन एक नंबर विचारून आल्या. मग दवाखान्यात दीक्षाला भेटल्या. दुपारी खाडेंना, आकारामला आणि दीक्षाला घेऊन त्या वज्र नेटमध्ये शिरल्या. धोंडीराम लोखंडी दारापाशी जाऊन उभे राहिले. तिथं उभं राहा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. का, ते त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं नव्हतं.

“बसा, सम्राटराव,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नंबरांची गोष्ट सांगते. तुमचे नंबर म्हणजे एक गल्ली समजा. घराघराला नंबर आहे, पण पाटी एकाही दारावर नाही. खाडेसाहेबांनी माझ्यासमोर घरं तपासली, सगळी कोरी. फक्त एका दारावर पाटी. आणि ते दार नेमकं खुन्याचं.”

खाडेंची मान हळूच वर आली.

“संघर्षनं पाटीसाठी हेलपाटे घातले, मिळाली नाही. गणपतरावांची ऑर्डर जायची वेळ आली, मिळाली नाही. तुम्ही स्वतः सांगितलंत, कुणालाच दिलेली नाही. मग ही एक कशी लागली? ती गिऱ्हाइकाला लावताच येत नाही. नंबर ज्याच्या मालकीचा, तोच लावतो.”

“जुनी नोंद असेल,” सम्राट म्हणाले. “राहून गेली असेल.”

“जुनी असती तर मेलावर छापली असती. पुण्याच्या मशीननं शुक्रवारी मेल घेताना विचारलं, या नंबराचं नाव काय? उत्तर आलं नाही, म्हणून तिनं लिहिलं, ‘अननोन’. खाडेसाहेब, कुणी नाव लपवलं नव्हतं. नाव तेव्हा नव्हतंच. मंगळवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा होतं. म्हणजे पाटी लागली ती शुक्रवारनंतर. मधल्या रविवारी काय झालं ते आपल्याला माहीत आहे.”

“पण तो नंबर कांबळेचा...” खाडे म्हणाले.

“त्याचा नाही. नावाला नंबर विचारला, तर दुसराच आला. संघर्षचं घर वेगळं आहे. ते त्यानं स्वतः जाहीर केलंय आणि तिथंच तो राहतो. पाटी नाव सांगते, नाव आपलं घर सांगतं, आणि दोन्ही जुळली तरच पाटी खरी. तुम्ही अर्धंच विचारलंत. त्या अर्ध्या प्रश्नावर एका माणसाचा हात गेला.”

आकाराम भिंतीला टेकला होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या गार ऑफिसात.

“मला गणपतरावांना मारून काय मिळणार?” सम्राट शांतपणे म्हणाले. “कस्टमर गेला माझा.”

“तुमचा धंदा राहणार होता. हा पुढचा नाही, कुलपामागचा. आमच्या हवालदारांचा जावई दुबईतून फोन करतो आणि इथं कोल्हापूरचा नंबर दिसतो. परदेशातला फोन इंटरनेटवरून चोरून आणायचा, इथल्या साध्या लायनीवर सोडायचा, आणि सरकारचं देणं बुडवायचं. ती लायन कुणाच्या नावावर आहे ते मी सकाळी खात्यात विचारलं. वज्र नेट, हाच पत्ता.”

धोंडीरामांच्या तोंडावर उजेड पडला. “म्हंजे जावई खरंच दुबईत हाय?”

“खरंच आहे. सम्राटराव पाट्या लावत नव्हते ते आळसानं नाही. बिननावी घरांच्या गर्दीत कुलपामागचं हे एक घर लपत होतं. सगळ्यांना नावं दिली असती तर उरलेलं डोळ्यात आलं असतं. गणपतरावांची मेलं का परत येतात, हे शोधताना संघर्षनं शेजारचे नंबर तपासले आणि या घरात काय चाललंय ते त्याला कळलं. कळणारा तो, आणि मुंबईत ज्याचं ऐकून घेतील ते गणपतराव. म्हणून दोघांचं तिकीट. सोमवारी ते तक्रारीला निघाले होते. सकाळी संघर्षला शुद्ध आली होती. दीक्षानं विचारलं, त्यानं मान हलवली.”

“तीनदा हलवली,” दीक्षा म्हणाली.

“दोघांची मेलं तुमच्याच तारेतून जायची, त्यातून बेत तुम्हाला कळला. एकाला दांड्यानं मारायचं आणि दुसऱ्याच्या दारावर पाटी ठोकायची. बाकीचं लोक करतील, हा हिशोब होता. लोकांनी तो तंतोतंत पुरा केला.” बाईंनी आकारामकडे बघितलं नाही. “आणि गंमत बघा. हेच मेल जर्मनीला पाठवलं असतं, तर बिननावी म्हणून तिथल्या मशीननं दारातूनच परत लावलं असतं. पुण्याच्या मशीननं आत घेतलं.”

“पुरावा काय?” सम्राट उठले. “संगणकाच्या गप्पा कोर्टात...”

“पुरावा गणपतरावांनी दातात धरून ठेवलाय. कातडीचा तुकडा. संघर्षची हाडं फुटली, पण कातडी अखंड आहे, कारण हातोड्याला चामडं बांधलेलं होतं. सम्राटराव, फार उकडतंय. उजवी बाही वर घ्या.”

पुढचं सगळं फार भरभर झालं. केबल सोलायची सुरी टेबलावर होती, ती सम्राटनी उचलली आणि लोखंडी दाराकडे झेप घेतली. आतली मशीन फोडली की निम्मा पुरावा जाणार होता. मध्ये धोंडीराम. सुरी त्यांच्या कानापासून हनुवटीपर्यंत ओढली गेली, गालाची चिरफाळी उघडली. हवालदारांनी सम्राटचं उजवं मनगट पकडलं, लाकडी फळी मोडावी तसं गुडघ्यावर घेतलं, आणि खाली दाबलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाही खांद्यापासून फाटली. कोपराखाली पट्टी, पट्टीखाली पिकलेली जखम, अर्धगोल, आणि मधला मांसाचा लचका जागेवर नव्हता.

आकारामनं कोपऱ्यातला लोखंडी स्टूल उचलला. “सोडा त्याला,” तो धापा टाकत म्हणाला. “माझ्या आण्णाला...” स्टूल डोक्यावर गेला.

“घाला की,” दीक्षा म्हणाली. ती जागची हलली नव्हती. “परवा माझ्या दादाच्या वक्तालापण तुमची एवढीच खात्री हुती.”

स्टूल तसाच वर राहिला. मग आकारामचे हात खाली आले, आणि तो त्याच स्टुलावर बसला. खाडेंनी बेड्या काढल्या, सम्राटच्या एका हाताला घातल्या. दुसऱ्या हाताला घालण्यासारखा आकार राहिला नव्हता.

“ताई,” आकाराम म्हणाला. दीक्षाला तो पहिल्यांदाच ताई म्हणत होता. “माझी चूक झाली. काय लागंल तो खर्च मी...”

“चूक न्हाय,” दीक्षा म्हणाली. “खाडेसाहेब, अज्ञात जमाव इथं बसलाय. नाव लिहून घ्या.”

खाडेंनी एकदा बाईंकडे बघितलं, आणि लिहून घेतलं.

पुढं कोर्टात सगळ्यांचं चुकतं झालं. सम्राट रणनवरेंना जन्मठेप. मोडलेला हात वाकडाच जुळला. आकारामला सात वर्षं. गादीवर आता गणपतरावांची बायको बसते आणि दुप्पट भावानं पैंजण विकते. खाडेंची बदली झाली, जिथं कॉम्प्युटर नाही अशा ठिकाणी. धोंडीरामांच्या गालावर टाके पडले, आणि सासऱ्याला बघायला जावई दुबईहून खरोखरचा येऊन गेला. वज्र नेट ज्या कंपनीनं घेतलं, तिनं महिन्याभरात सगळ्या नंबरांना नावं लावून दिली. कामाला एक दुपार पुरली.

संघर्षचा जबडा जुळला. उजव्या हाताची बोटं जुळली नाहीत. नक्षीची हत्यारं त्या हातात पुन्हा धरली गेली नाहीत. या सगळ्या व्यवहारात त्याचं कुणाकडे काही येणं नव्हतं, कुणाचं देणंही नव्हतं. सगळ्यात जास्त भरलं ते त्यानंच.